रांगणं आणि बाराखडी

आमचा दहा महिन्यांचा नातू बुडावर बसून फिरतो. दोन्ही हात टेकायचे, टाचा रोवायच्या की शहाबादी फरशीवरून स्वारी सर्रकन पुढे. सांगलीचं घर म्हटल्यावर भडंगाची परात कुठंतरी असतेच; हा तिथवर पोचला की घरभर आरडाओरडा. रांगणं काही त्यानं मनावर घेतलेलं नाही.

सूनबाईच्या मोबाइलवर मग कुणीतरी धाडलं: न रांगणाऱ्या मुलाला पुढे वाचायला जड जातं.

ही समजूत जुनी आहे. फिलाडेल्फियात ग्लेन डोमन आणि कार्ल डेलाकाटो यांनी १९५०-६० च्या सुमारास ती फैलावली. रांगताना उजव्या हाताबरोबर डावा गुडघा पुढे जातो, त्यानं मेंदूची घडी बसते. हा टप्पा हुकला की वाचन अडतं, असं त्यांचं म्हणणं. उपाय काय, तर मोठ्यांनी मुलाचे हातपाय आणि मान धरून ठरावीक तालात हलवायचे, रोज, पुन्हा पुन्हा. शाळकरी पोरांनाही रांगायला लावायचे! अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं आधी १९८२ आणि मग १९९९ मध्येही सांगितलं की या उपचाराला आधार नाही.

देवघरातला पितळी बाळकृष्ण तर जन्मभर रांगतोय, त्याच्या हातात कुणी पोथी दिली नाही. लोण्याचा गोळाच दिला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली मुलं होती. त्यातली चारेक टक्के हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि तरी चालायला लागली. एकच बाजू ओढत सरकणारं मूल मात्र डॉक्टरांना दाखवावं. ती गोष्ट वेगळी.

वाचनाचा पाया कानात असतो. शब्दातले आवाज सुटे ऐकू आले की अक्षरं त्यांना चिकटतात. शेजारच्या आजी याला मांडीवर घेऊन ‘अडगुलं मडगुलं’ घोळवतात, तेव्हा त्या ‘गुलं’वर तो दरवेळी खिदळतो. मला ते गादीवरच्या कवायतीपेक्षा जास्त कामाचं वाटतं. ‘‘येईल की वाचायला, घाई कसली?’’ म्हणतात त्या.

सूनबाई अजून त्याच्यासमोर रांगून दाखवते. परवा चिरंजीवही सामील झाले. नातू टाळ्या पिटत बघत होता. त्या दोघांचं वाचन सुधारलं, तर कळवीन.