तुम्ही विचारलंत म्हणून : बँडचा टी-शर्ट वाटायचा की विकायचा?

ठाण्यात, वागळे इस्टेटीतल्या आमच्या छपाईच्या गाळ्यात शनिवारी दुपारी पोरं येतात. कुणी कॉलेजातलं, कुणी नुकतंच नोकरीला लागलेलं, एखाद्याच्या पाठीला गिटारची बॅग. मोबाइलवर लोगो दाखवतात, कापड चिमटीत धरून बघतात, भाव विचारतात आणि मग एकमेकांकडे बघतात. त्यानंतरचा प्रश्न मला आता पाठ झालाय. "ताई, पहिलाच शो आहे. टी-शर्ट फुकट वाटावेत की विकावेत?"

एकोणीस वर्षं मी स्क्रीन प्रिंटिंग करतेय. त्याआधी चार वर्षं एका बँडमध्ये बेस गिटार वाजवली. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी उभी राहिलेय. मागे मशीन चालू असताना उभ्याउभ्या हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

ज्याला देताय त्याचं नाव तुम्हाला माहीत असेल, तर फुकट द्या. नाव माहीत नसेल, तर विका.

आपल्या ठाण्यात फुकटच्या टी-शर्टाचं अप्रूप कुणाला नाही. दहीहंडी, गणपती, पाडव्याची शोभायात्रा, निवडणूक, प्रत्येक घरात असे पाच-सहा तरी निघतील. श्रावणात आमचा गाळा दिवसरात्र चालतो तो याच कामावर. पुढे पथकाचं नाव, मागे देणाऱ्याचा फोटो. देणाऱ्याला आकडा हवा असतो, त्यामुळे कापड हलकं घेतात, आणि दोन धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर येते. पण एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघत आलेय. थरावर चढलेला पोरगा तो टी-शर्ट जपून ठेवतो. रंग उडाला तरी आईला टाकू देत नाही. तो पथकाच्या दादानं त्याचं माप विचारून हातात दिलेला असतो. स्टेजवरून गर्दीत भिरकावलेला टी-शर्ट त्याच कापडाचा आणि त्याच छपाईचा असतो, आणि महिनाभरात त्याचं पोतेरं होतं. दोन्ही फुकटच. फरक पडला तो कुणी कुणाला दिला यानं.

हे मला आधीच कळायला हवं होतं. काही वर्षांपूर्वी कळव्याची चार पोरं आली होती. घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या कॅफेत त्यांचा पहिला शो होता. शंभर टी-शर्ट, चांगलं 180 जीएसएमचं (चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं) कॉटन, काळ्यावर एकरंगी लाल. एक टी-शर्ट 210 रुपयांना पडत होता, म्हणजे 21,000 रुपये. निम्मे आगाऊ दिले, निम्मे शोनंतर. त्यांनी हाच प्रश्न विचारला, आणि मी म्हणाले, "पहिल्यांदा वाटा. नाव होईल." तो सल्ला माझा होता.

शोला साठेक माणसं आली. दारातच टी-शर्ट वाटले. काहींनी दोन-दोन नेले, भावासाठी म्हणून. उरलेले कॅफेच्या पोरांनी घेतले. तीन आठवड्यांनी कोपरीजवळच्या एका वॉशिंग सेंटरवर एकाच्या हातात मला तो टी-शर्ट दिसला. गाडीची काच पुसत होता. तो लाल मी स्वतः ढवळून जुळवला होता, लांबूनही ओळखला असता. पण मला जास्त लागलं ते पुढचं. माझे उरलेले पैसे ती पोरं आठ महिने हजार-दीड हजार करून देत राहिली आणि त्यासाठी त्यांनी जॅमरूमचं भाडं थांबवलं. सरावच नाही, तर गाणी कुठून येणार? वर्षभरात बँड मोडला. मी नंतर पैसे नको म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. चांगली मुलं होती. त्यांची एक ओळ मला अजून येते, पण ऐकवायला रेकॉर्डिंग कुठे नाही.

तेव्हापासून मी हळदीकुंकवाचा विचार करते. संक्रांतीनंतर आपल्याकडे वाण लुटतात. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, पाकिटं. माझ्या स्वयंपाकघरात एक अख्खा खण त्यांनी भरलाय आणि त्यातलं निम्मं कुणी दिलं ते मला आठवत नाही. पण नौपाड्यातल्या एका काकूंनी एका वर्षी मला शाईचे डाग काढायचा ब्रश दिला होता. बाकीच्यांना वाट्या, मला ब्रश. माझी नखं कायम रंगलेली असतात हे त्यांनी पाहिलं होतं. तो झिजून गेला तेव्हा मी तसाच दुसरा शोधत जांभळी नाक्याला फिरले. फुकट द्यायचं तर असं. समोरचं माणूस बघून.

आता पैशांचं थोडक्यात, कारण ते तुम्हीही जाणता. स्पॉटिफायवर 2024 पासून असा नियम आहे की वर्षभरात 1,000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. नव्या बँडची बहुतेक गाणी तिथंच अडकतात. छोट्या कॅफेत तुम्हाला मिळतं ते मानधन टेम्पो आणि जेवणात जातं. बँडकडे स्वतःच्या हातानं चार पैसे मिळवायची वस्तू उरते ती टी-शर्ट. बँडकॅम्प या गाणी विकायच्या वेबसाइटवर वस्तू विकली तर ते 10 टक्के कापतात, परदेशातली बरीच सभागृहंही टी-शर्टाच्या विक्रीतला हिस्सा मागत आलीत. तुमच्या स्वतःच्या टेबलावर, कॅफेवाल्याशी आधी बोलून घेतलंत तर, कुणाचा वाटा नसतो.

तरी पोरं अडखळतात. "विकायला बसलो तर धंदा केल्यासारखं वाटतं." या संकोचाचा मला राग येत नाही. आपल्यात कलेचे पैसे मागताना जीभ जड होते. पण मालवणी माणसांची डबलबारी, म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना, ऐका. बुवा रंगात आला की बक्षीस येतं, आणि देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतात. शंभराची नोट असो की पाचशेची, दिलेल्या माणसाची मान ताठ होते. त्याला वाटतं, या भजनात माझाही हात लागला. तुमचा टी-शर्ट 400 रुपये मोजून घेणाऱ्या मुलीला तेच वाटत असतं. तिनं विचार केलाय, पाकीट उघडलंय, माप बघितलंय. ती तो सोमवारी कॉलेजात घालून जाणार. फुकट देऊन तुम्ही तिची ती संधी काढून घेता.

वॉशिंग्टनचा फुगाझी नावाचा बँड होता, ऐंशीच्या दशकात सुरू झालेला. त्यांनी टी-शर्ट विकलेच नाहीत, वाटलेही नाहीत. तिकीटही पाच डॉलरच्या आसपास ठेवत. सगळं लक्ष गाण्यावर राहावं म्हणून. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण झालं काय, तर लोकांना टी-शर्ट हवाच होता, म्हणून भलत्यांनीच छापून विकले. एकावर तर 'हा फुगाझीचा टी-शर्ट नाही' असंच छापलेलं होतं. ऐकणाऱ्याला काहीतरी अंगावर घालून मिरवायचं असतं, त्याला तुम्ही थोपवू शकत नाही.

गाणं फुकट आणि वस्तू विकत, हा मार्ग मला जास्त पटतो. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडनं 1984 पासून आपल्या कार्यक्रमांत रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांना बसायला वेगळी जागाच दिली. टेपा एकमेकांना खुशाल द्या, फक्त विकू नका. त्या टेपांवरून पोरं त्यांची झाली. रेडिओहेड या इंग्लंडमधल्या बँडनं 2007 मध्ये नवा अल्बम इंटरनेटवर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोडली, शून्यही चालेल म्हणाले. पण त्याच अल्बमची रेकॉर्ड, सीडी आणि चित्रं घातलेली पेटी होती, तिची किंमत 40 पौंड, आणि त्यात घासाघीस नव्हती. गाणं दुसऱ्याला दिलं तरी तुमच्यापाशी राहतं. टी-शर्ट दिला की गेला, आणि प्रत्येकामागे कापूस, सूत, शिलाई, रंग आणि आमचा हात असतो. एका रंगाला एक स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी. पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवर काळं चित्र) काढा, जाळीला इमल्शन (उजेडानं घट्ट होणारा लेप) लावा, उजेडात एक्स्पोज करा, धुवा, वाळवा. रबरी रंग 160 अंशांच्या आसपास नीट भाजला गेला नाही तर पहिल्याच धुण्यात तडे जातात. स्क्रीनची तयारी वीस टी-शर्टांना तेवढीच करावी लागते जेवढी शंभरांना. म्हणून मी सांगते, पहिल्या शोला एक रंग, तीस नग, बस. दर नगाला थोडं महाग पडेल, पण घरी पलंगाखाली खोकी राहणार नाहीत.

अनोळखी माणसाला फुकट द्यायची एकच वस्तू मला मान्य आहे, स्टिकर. खर्च दोन-चार रुपये. तो ज्याला आवडतो तोच लावतो, ज्याला आवडत नाही तो टेबलावरच ठेवून जातो, त्यामुळे माणूस निवडायचं तुमचं काम स्टिकर स्वतः करतो. हेल्मेट, लॅपटॉप, गिटारची केस. लोकलच्या डब्यात आणि उड्डाणपुलाच्या खांबाला मात्र कृपा करून चिकटवू नका. ती जागा आपल्या सगळ्यांची आहे.

मग कुणीतरी नेरुळचं उदाहरण देतं. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले हे इंग्लंडमधले बँडवाले डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले, 18, 19 आणि 21 तारखेला, आणि हजारो लोकांच्या मनगटावर चमकणारे पट्टे फुकट बांधले. "त्यांनी नाही का वाटले?" वाटले, आणि निघताना परत मागितले, पुन्हा वापरायला. ते पट्टे दिव्यांच्या योजनेचाच भाग होते. प्रेक्षक त्यांच्यासाठी दिवा झाला होता. दिलेली वस्तू कार्यक्रमातच कामाला येत असेल तर जरूर द्या. आणि टी-शर्टाचं टेबल त्यांचंही होतंच.

आता फुकट कुणाला. माझ्याकडे ऑर्डर देताना मी यादी मागते. अॅम्प (गिटारचा स्पीकर) उचलणारा मित्र. साउंडवाला, कारण त्यानं त्या रात्री तुमचा आवाज सांभाळला. तीन महिने हॉलमध्ये ड्रम सहन केलेली आई. शेजारची आजी, जिनं सोसायटीत तक्रार केली नाही. आणि लोगो काढून देणारी मैत्रीण, पण तिला टी-शर्टाबरोबर पैसेही द्या. रोलिंग स्टोन्स या इंग्लंडमधल्या बँडचा लोगो, ओठांतून बाहेर आलेली ती जगप्रसिद्ध जीभ, 1970 मध्ये जॉन पाश नावाच्या कलाविद्यार्थ्यानं काढली, सुरुवातीला 50 पौंडांत. पुढे त्या जिभेनं काय कमावलं ते तुम्ही रोज रस्त्यावर बघता. चित्र काढणाऱ्याशी आधी बोलून, लिहून घ्या. मैत्रीत हे राहून जातं आणि नंतर मैत्रीच जाते.

आणि यादीत एक जागा रिकामी ठेवा. ऐरोलीच्या एका बँडचं टेबल मी एकदा सांभाळत होते. उपवनजवळ छोटा कार्यक्रम होता. आठवी-नववीतली एक मुलगी सगळी गाणी उभी राहून ऐकत होती. शेवटी टेबलापाशी आली, टी-शर्टावरून हात फिरवला, किंमत वाचली, मुठीतली दहाच्या नोटांची घडी उघडून मोजली. चाळीस रुपये होते. तिनं मागितलं काहीच नाही, टी-शर्टाची घडी नीट करून परत ठेवली. मी काही बोलणार तेवढ्यात ड्रमर आला. घामानं निथळत होता. त्यानं तिला विचारलं, "नाव काय तुझं?" तिनं सांगितलं. "कुठलं गाणं आवडलं?" तिनं दुसरं गाणं सांगितलं, त्यातली ड्रमची एक जागाही बोटांनी टेबलावर वाजवून दाखवली. त्यानं लहान साइझ काढून तिच्या हातात दिला. तिनं चाळीस रुपये पुढे केले. त्यानं दहा घेतले, तीस परत दिले.

दहा का घेतलेस, मी नंतर विचारलं. म्हणाला, "ताई, तिला विकत घ्यायचा होता."

तर ऑर्डर द्यायला याल तेव्हा दोन कागद आणा. एकावर फुकट द्यायची नावं, प्रत्येकापुढे माप, तेही माणसाला विचारून लिहिलेलं. दुसऱ्यावर विकायचे नग. एम आणि एल जास्त घ्या, एस मुलींना विचारून, आणि दोन एक्सएक्सएल असू द्याच, मोठ्या अंगाचा माणूस टेबलावरून हात हलवत परत जातो ते मला बघवत नाही. किंमत पुठ्ठ्यावर ठळक लिहा, सुटे पैसे ठेवा, यूपीआयचा कोड छापून आणा. टेबलापाशी बँडमधलं कुणीतरी उभं राहू द्या, भाऊ नको, मित्र नको. लोगोची फाइल मूळ स्वरूपात पाठवा, स्क्रीनशॉट नको. शुक्रवारपर्यंत दिलंत तर पुढच्या गुरुवारी माल तयार असतो.