संगणकावरचे ‘नाही’

सोलापुरातील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मी वैद्यकीय अधिकारी आहे. पूर्वी नातेवाइकांनी पिशवीत कोंबून आणलेल्या चिठ्ठ्यांवरून आजाराचा इतिहास जुळवावा लागे. आता तो संगणकावर असतो. ही सोय किती मोलाची आणि किती फसवी आहे, हे मला एकाच दुपारी दिसले.

कुंभारीच्या विडी घरकुलातून एका विडी कामगार बाईंना शेजारणींनी रिक्षातून आणले. उजवा हात-पाय लुळा पडला होता, वाचा गेली होती. विडी वळताना हातातून पान गळले तेव्हा शेजारीण समोरच बसली होती, त्यामुळे पक्षाघाताच्या झटक्याची वेळ नेमकी कळली. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही जितके लवकर तितके चांगले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता.

पडद्यावर ‘पूर्वीचा आजार: नाही, चालू औषधे: नाही’ असे स्वच्छ लिहिलेले होते. वास्तविक हे कोणी विचारलेच नव्हते. शेजारणीचा मोबाइल क्रमांक घालून नवी नोंदणी झाली होती आणि रकाना मोकळा ठेवल्यास प्रणाली पुढे सरकत नाही, म्हणून खिडकीवर ‘नाही’ निवडले गेले होते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा संशय नसेल, तर आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या चाचणीच्या) अहवालासाठी इंजेक्शन थांबवू नये असा संकेत आहे. म्हणजे त्या ‘नाही’वर बरेच काही अवलंबून होते.

ईसीजी काढताना सिस्टरना छातीच्या मधोमध जुना, उभा व्रण दिसला. मी स्टेथोस्कोप लावला, तर हृदयात बसवलेल्या धातूच्या झडपेची टकटक स्पष्ट ऐकू आली. आता जुनी नोंद शोधणे आले. आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाचा उपयोग झाला असता, पण संमतीचा ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो घरी राहिला होता, आणि ओटीपी सांगायला बाईंना वाचा नव्हती. तेलुगू आडनाव इंग्रजीत प्रत्येक वेळी निराळे लिहिले गेल्याने नावावरूनही काही सापडेना. अखेर सिस्टरनी शेजारणीला तेलुगूत नवऱ्याचे नाव विचारले आणि त्यावरून आमच्याच रुग्णालयातील जुनी नोंद निघाली: हृदयाची मायट्रल झडप बदललेली, असिट्रॉम हे रक्त पातळ करणारे औषध चालू.

आयएनआर 2.6 आला. मर्यादा 1.7 ची असल्याने इंजेक्शन दिले नाही. दिले असते तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मोठा होता. अँजिओग्राफीत मोठी वाहिनी बंद आढळली नाही, त्यामुळे नळी घालून गुठळी काढण्यासाठी पुण्याला हलवण्याचा प्रश्न उरला नाही. काही दिवसांनी बाई मुलीला नावाने हाक मारू लागल्या.

दोन्ही नोंदी एकत्र करून घेतल्या. ‘विचारता आले नाही’ असा तिसरा पर्याय द्यावा, अशी लेखी मागणी मी केली. सॉफ्टवेअरवाल्यांनी तो दिला, पण यादीच्या तळाशी. गर्दीच्या वेळी तिथपर्यंत कोण जाणार? तो सर्वांत वर आणावा, यासाठी आता दुसरे पत्र गेले आहे.