बांधावरच्या खेकड्याचे मीठ

मृगाचा पाऊस लागला की आमच्या खानापूर तालुक्यात भाताच्या बांधांवर खेकडे दिसू लागतात, आणि बांधाला भोक पाडून पाणी वाहून घालवतात म्हणून शेतकऱ्यांचा रोषही ओढवून घेतात. प्राणिशास्त्र शिकवताना मला मात्र या प्राण्याच्या रक्ताचे नवल अधिक वाटत आले आहे.

कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या गोड्या पाण्यात मीठ अगदीच थोडे असते. असल्या पाण्यात मिठातले सोडियम सहसा लिटरला एका मिलिमोलच्या (कणांची संख्या मोजण्याचे रसायनशास्त्रातले एकक) आत असते; समुद्रात ते सुमारे 470 आणि आपल्या रक्तात 140 असते. गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या रक्तात ते साधारण 200 ते 300 भरते, म्हणजे चिखलात बसलेला हा जीव आपल्याहून खारट रक्त बाळगून असतो. साहजिकच बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते आणि आतले मीठ बाहेर निसटू पाहते. झिंग्यासारखा दिसणारा गोड्या पाण्यातला क्रेफिश पातळ मूत्र करून पाणी काढून टाकतो व मीठ राखतो. खेकड्याला ते साधत नाही, त्याचे मूत्र रक्ताइतकेच खारट असते. म्हणून तो मुळात पाणीच फार कमी आत येऊ देतो, मूत्र अगदी थोडे करतो, आणि जे मीठ जाते ते कल्ल्यांतून पुन्हा ओढून घेतो.

हे ओढण्याचे काम मुख्यतः मागच्या कल्ल्यांचे. प्रयोगशाळेत कल्ले धुऊन सिल्व्हर नायट्रेटच्या विरळ द्रावणात क्षणभर बुडवून खिडकीच्या उजेडात धरले, की क्लोराइड (मिठाचा दुसरा घटक) हाताळणारे भाग हळूहळू तपकिरी होत जातात. तो रंग चढताना पाहिला की विद्यार्थी वहीतली आकृती विसरतात. या भागांतल्या पेशींना बळ देणारा पंप, म्हणजे पेशीच्या आवरणातले एक प्रथिन, तीन सोडियम पेशीबाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये खेकड्याच्याच पायांतील नसांमध्ये ओळखला, आणि त्यासाठी त्यांना 1997 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या मूत्रपिंडांत आणि मेंदूत अहोरात्र चालणारा पंपही हाच, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगतो.

कात टाकताना हिशेब आणखी अवघड होतो, कारण नवे कवच मऊ असते, मीठही त्यातून अधिक झिरपते आणि कवच कडक करायला कॅल्शियम हवे असते. त्या दिवसांत खेकडा बिळातच राहतो आणि टाकलेली कात स्वतःच खातो.