एका नावाचे दोन दगड

आमचं म्हापशात ग्रॅनाइटवर अक्षरं कोरायचं दुकान. देवळातल्या देणगीदारांच्या पाट्या, तुळशी वृंदावनं, सिमिटेरीतले दगड, आणि सगळ्यात डोकेदुखीचं गिऱ्हाईक म्हणजे सरकारी उद्घाटन. हा किस्सा बार्देशातल्या एका पंचायतीचा, गावाचं नाव घेत नाही, का ते कळेलच.

नव्या पंचायतघराला गावच्या पहिल्या सरपंचांचं नाव द्यायचं ठरलं होतं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पुढच्याच वर्षी पंचायतींचा कायदा आला, आणि गावात रस्ता, नळ, शाळा मागायला कुठे जायचं हेच ज्या काळात लोकांना ठाऊक नव्हतं तेव्हा हा माणूस कागदांची पिशवी घेऊन बेतीहून फेरीबोटीने पणजीला जायचा. तेव्हा मांडवीवर पूल कुठला! हे सगळं मला त्यांच्या मुलाने सांगितलं, तो स्वतःच सत्तर वर्षांचा.

दगड चार बाय तीन फूट, जेट ब्लॅक, आरशासारखं पॉलिश. कॉम्प्युटरवर कोरलड्रॉमध्ये लेआउट मी स्वतः केला. लोकांना वाटतं हे आता मशीनचं काम, बटण दाबलं की झालं. प्लॉटर फक्त रबरी शीट कापतो, पुढे ती दगडावर चिकटवून एकेक अक्षर ब्लेडच्या टोकाने उचलायचं असतं आणि देवनागरीत खरी कसोटी बारक्या तुकड्यांची, अनुस्वाराचा ठिपका, रफाराचं टोक, 'श्री'च्या पोटातली जागा, यातलं काही जरा सैल राहिलं की वाळूच्या माऱ्यात उडून जातं आणि मग तो दगड बाद, खोडरबर नसतो इथे. मी नाव चार इंची अक्षरांत घेतलं, खाली जन्म-मृत्यूची वर्षं, त्याखाली मान्यवर. प्रूफवर सही-शिक्का मिळाला, ब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, झालं, सोनेरी रंग भरला. खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी असं काम हातून उतरलं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी फोन. झेडपी मेंबरचं नाव राहिलंय, दोन पंच रुसलेत, शिवाय एका नेत्याचं नाव दुसऱ्याच्या वर हवं. म्हटलं, साहेब, हा दगड आहे, व्हॉट्सअॅपचा मेसेज नाही, एडिट करायला. तर म्हणे "कितेंय कर, पूण जाय." म्हणजे काहीही कर, पण हवंच. कार्यक्रम पुढे ढकलता येत नव्हता कारण आचारसंहिता कधीही लागेल अशी हवा होती. आमच्याकडे निम्म्या इमारती आचारसंहितेच्या धाकानेच पूर्ण होतात हे माझं स्पष्ट मत.

दगड उलटा करून मागे अक्षरं कोरा असा सल्लाही एका इंजिनिअरने दिला. मागची बाजू खरबरीत असते हो, रात्रीत पॉलिश कोण करणार? त्या मापाचा तयार दगड दुकानात एकच होता, २ नोव्हेंबरच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनाच्या, आत एका बाईंना वडिलांच्या कबरीसाठी द्यायचा. घाबरत फोन केला. त्या हसल्या, म्हणाल्या, "घे बाबा, पप्पा थांबतील, मिनिस्टर थांबायचे नाहीत."

नवीन यादी आली ती पाहून मीच गार पडलो. शुभहस्ते, अध्यक्षस्थानी, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती. अर्ध्या इंचाच्या खाली अक्षर गेलं की वाळू नीट खोल जात नाही, रंग भरला की पोटं बुजतात. मान्यवरांना लहान करायची परवानगी नव्हती, तसं फोनवर बजावूनच सांगितलेलं. मग लहान कोण होणार? ज्याची तक्रार करायला कोणी फोन करणार नाही तोच. चार इंचांचे अडीच झाले, वर्षं तर काढूनच टाकली. रात्री कॉम्प्रेसर लावला म्हणून शेजारी येऊन भांडून गेले, मध्येच लाईट गेली, पहाटे रंग ओला असतानाच टेम्पोत चढवला.

सकाळी पडदा सरकला, टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी आधी आपापलं नाव शोधलं, मग फोटो. सरपंचांचा मुलगा जरा बाजूला उभा होता. काही बोलला नाही, पण त्याने पहिलं प्रूफ पाहिलेलं होतं.

थोड्याच दिवसांत आचारसंहिता लागली आणि कोणीतरी अख्ख्या दगडावर वर्तमानपत्र चिकटवलं, वरच्या नावासकट. झाकायची ती राजकारण्यांची नावं, जो माणूस कधीच गेला तो कुठली मतं खेचणार होता? पण डोकं चालवण्यापेक्षा चिकटपट्टी सोपी. तशी नावं लोक वापरतात कुठे म्हणा, मडगावच्या जिल्हा इमारतीला दिवंगत मंत्री माथानी साल्ढाणांचं नाव आहे आणि लोक कलेक्टर ऑफिसच म्हणतात, मोपाच्या नव्या विमानतळाला मनोहर नाव दिलं तरी टॅक्सीवाला विचारतो, मोपा की दाबोळी.

महिन्याभराने तो मुलगा दुकानात आला. पहिला दगड देणार का, घराच्या पडवीत लावतो. पण मंत्र्यांची नावं नकोत. मी कटरवर आडवा कापून दिला, वरचा भाग नाव आणि वर्षांसकट. पैसे घेतले नाहीत. तो देत होता, मलाच घ्यायला जमलं नाही.

राहिला खालचा तुकडा. सगळे मान्यवर सोनेरी अक्षरांत. पायरीला लावावा तर यांच्यावर पाय देणार कोण, घासून पुन्हा पॉलिश करावा तर नव्या दगडापेक्षा महाग. पोरगा रोज विचारतो, शेठ, ह्याचं काय करायचं? मी त्याला म्हटलंय, बिल येईपर्यंत हात लावू नको. खात्याचं म्हणणं, वर्क ऑर्डर एका दगडाची आहे, दुसरा तुम्ही कोणाला विचारून केलात.