खात्यात पैसे येतात, मग रोजगार हमी कशाला?

तालुक्याच्या गावी मी अर्थशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न येतोच, आणि हल्ली तो लग्नकार्यात, एसटीतही विचारला जातो. सरकार आता थेट बँकेच्या खात्यात पैसे टाकतं, मग भर उन्हात माती उपसायला लावणारी रोजगार हमी हवीच कशाला? विचारणाऱ्यांना मजुरांची कणव असते, त्यांच्या घामाचं वाईट वाटत असतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

थेट मदत हवीच. निराधार म्हातारी, अपंग माणूस, बाळंतीण यांनी डोक्यावर पाटी घेतल्याशिवाय हातात पैसा पडू नये, असं कुणीच म्हणणार नाही. पण मदत कुणाला द्यायची, किती द्यायची आणि कधी थांबवायची हे सरकार ठरवतं. रोजगार हमीत काम कधी हवं हे मजूर ठरवतो. त्यानं अर्ज केला की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, असं कायदा सांगतो. दुष्काळाच्या वर्षी अर्ज आपोआप वाढतात, चांगल्या पावसाच्या वर्षी कमी होतात. मला या योजनेचा जीव इथे दिसतो, आणि तो वाचावा असं मनापासून वाटतं.

ही कल्पना महाराष्ट्राची आहे, हे आमच्या मुलांना सांगावं लागतं याचं दुःख होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा राज्यभर कामं निघाली, आणि मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. माझी आई त्यांतली एक. खडी फोडायची, पाझर तलावाच्या भिंतीवर माती टाकायची, दुपारी सुकडी मिळायची ती पदराला बांधून घरी आणायची. रेशनवर मिळणारी मिलो नावाची लाल ज्वारी घशाखाली उतरत नसे, असं ती सांगते. पण गाव सोडावं लागलं नाही, हेही ती तितक्याच ठामपणे सांगते. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या माणसाचा कायदेशीर हक्क झाला. देशाला असा कायदा, म्हणजे मनरेगा, मिळायला २००५ साल उजाडलं.

यासाठी पैसा कुठून आला? तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत तीनशे? तो कर १९७५ मध्ये या योजनेसाठीच बसवला गेला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदारानं जत-माणसारख्या दुष्काळी तालुक्यांतल्या मजुराला दिलेला तो आधार होता. वर्गात हे सांगितलं की मुलं गप्प होतात, मग एखादी मुलगी घरी जाऊन वडिलांची पगारचिठ्ठी बघून येते.

अर्थतज्ज्ञांना या योजनेत एक वेगळीच गोष्ट भावली. गरीब कोण हे शोधायला यादी लागत नाही. दिवसभर कुदळ मारून किमान मजुरी घ्यायला ज्याच्या घरी बरं चाललंय तो येत नाही, गरजू तेवढे येतात. उत्पन्नाचा दाखला नको, तलाठ्याची मिनतवारी नको. याउलट यादीवर चालणाऱ्या योजनेचं काय होतं ते आपण नुकतंच पाहिलं. लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले. त्या पैशांनी कितीतरी बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला, आणि मी त्याला अजिबात नाक मुरडत नाही. पण नंतर छाननी आली, ई-केवायसी आलं, लाखो नावं गळली. ज्यांची चुकून गळली त्यांनी कुणाकडे हक्क सांगायचा? आणि हिशेब बघा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. दीड हजार म्हणजे पाच दिवसांची मजुरीसुद्धा नाही.

खड्डे खणायचे आणि बुजवायचे, एवढंच चालतं, असं कुणीतरी म्हणतंच. काही कामं खरोखर निकृष्ट झाली, हजेरीपटावर खोटी नावं चढली, हे सगळ्या गावाला माहीत असतं. पण १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बांधावर आंबा, डाळिंब, बोर, सीताफळ उभं राहिलं. विहिरी, नालाबांध, शेतरस्ते झाले. माणसाच्या श्रमातून दुष्काळ हटवणारं काही निर्माण व्हावं, हा हेतू कागदावरच राहिला असं म्हणणं अन्यायाचं आहे.

खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. १९८८ मध्ये किमान वेतन जवळजवळ दुप्पट झालं, रोजगार हमीची मजुरीही वाढली, आणि त्यानंतर कामं आटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी तो काळ अभ्यासला आणि मागेल त्याला काम मिळेनासं झालं होतं, असं दाखवलं. कायद्याचा एक शब्दही बदलला नव्हता. नवी कामं उघडली नाहीत की झालं.

आता तंत्रज्ञानाकडे येते, कारण मुलांचा पुढचा प्रश्न तोच असतो. मजुरी थेट बँकेत जाऊ लागली, त्यामुळे मधल्या माणसाची मूठ सैल झाली. हा फायदा मोठा आहे. मात्र १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर मोबाइलच्या ॲपवरून दिवसात दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. डोंगरात रेंज नाही, फोटो चढला नाही, तर राबलेल्या दिवसाची मजुरी धोक्यात. वर्षभरानं आधारशी जोडलेल्या खात्यातूनच मजुरी देण्याची अट आली, आणि नावात एका अक्षराचा फरक असलेली बाई बँकेच्या पायऱ्या झिजवत बसली. इतकं करून चोरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं परिपत्रक काढून सांगितलं की, लोक फोटोचाच फोटो काढून हजेरी लावत आहेत. मला राग याचा येतो की सगळी यंत्रं मजुरावर नजर ठेवायला लावलेली आहेत. काम मागितल्याची तारखेसह पोच देणं कायद्यानं बंधनकारक होतं, आणि ती पोच मिळवायला ग्रामपंचायतीत भांडावं लागे. पोच नसेल तर बेकारी भत्ता मागायचा कशाच्या जोरावर? ती न देणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. वर्षाला शंभराऐवजी १२५ दिवस काम, ही त्याची जाहिरात. महाराष्ट्राला यात नवं काय? आपल्या १९७७ च्या कायद्याची हमी वर्षभराची होती. मनरेगा आल्यावर शंभर दिवसांचा भार केंद्रानं उचलायचा आणि पुढचा राज्यानं, अशी वाटणी झाली. नव्या कायद्यात दोन गोष्टी मला झोंबतात. पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र करत असे, आता बहुतेक राज्यांना ४० टक्के भार उचलायचा आहे, आणि राज्याला किती निधी द्यायचा ते केंद्र आधीच ठरवणार. म्हणजे अर्ज वाढले तरी केंद्राचा पैसा त्यांच्यामागे धावणार नाही. शिवाय पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची तरतूद आहे. बागायती पट्ट्यात ती चालून जाईल. पण पाऊसच झाला नाही आणि पेरणीच झाली नाही, त्या गावातल्या भूमिहीन बाईनं ते दोन महिने कुठे जायचं? ऊसतोडीला, वीटभट्टीवर, नाहीतर मुंबईच्या नाक्यावर.

म्हणून कुणी विचारलं की मी हे सांगते: लाडकी बहीणचे दीड हजार चालू राहू द्या, शक्य असेल तर वाढवा. आणि राज्य सरकारनं विधिमंडळात उभं राहून सांगावं की १९७७ ची वर्षभराची हमी कायम आहे, व्यवसाय कराचा पैसा आधी तिच्यासाठी वापरला जाईल, आणि प्रत्येक अर्जाला तारखेची पोच मिळेल.