दिवेघाट ते वेळापूर, चालत चालत

देवभक्त म्हणावा तसा मी नाही, मला वाटेतली जुनी गावं, देवळं बघायची हौस, आणि त्याच नादात माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून निघालो. पुणं सोडलं की दिवेघाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, आणि चढताना मागे वळलं की खाली वडकीचा मस्तानी तलाव दिसतो, पेशवाईतला. सासवडला कऱ्हेकाठी सोपानदेवांची समाधी, त्यांची पालखी इथूनच वेगळ्या वाटेने पंढरपूरला जाते. जेजुरीत तर कमालच, विठ्ठलाची माणसं खंडोबाच्या गावात शिरली की भंडारा असा उधळतात की पखवाजाची शाई, टाळांच्या दोऱ्या, धोतरं सगळं पिवळं आणि हळद नाकात जाऊन सगळे शिंकतायत.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती मुक्कामावरची समाजआरती. पालखी तळावर आली की दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार दंड वर करतो आणि सगळं एकदम बंद! एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तीच फक्त टाळ वाजवत राहते, चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो, मग हरवलं-सापडलं पुकारतात आणि मगच आरती. माईक नाही, अर्ज नाही, काही नाही. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांची म्हणतात. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते, एकोणिसाव्या शतकात त्यांनी सोहळ्याला हे रूप दिलं. दिंड्यांचे नंबर, रथापुढे कोण, रथामागे कोण हे सगळं ठरलेलं, लष्करी डोकं लगेच ओळखू येतं.

नीरा नदीत पादुकांना स्नान झालं की सातारा जिल्हा. फलटण म्हणजे सईबाईंचं माहेर, तिथे पावसाने झोडपलं त्यामुळे राजवाडा लांबूनच.

वेळापूरला मात्र मुद्दाम थांबलो. अर्धनारी नटेश्वराचं यादवकालीन देऊळ, तिथे रामचंद्रदेव यादवाच्या काळातले मराठी शिलालेख आहेत, आणि हाच राजा ज्ञानेश्वरीच्या शेवटी येतो, शके 1212 म्हणजे 1290 सालची ज्ञानेश्वरी. दिंडीतल्या एका काकांना हे सांगितलं, शाळा चौथीपर्यंत, पण पाठांतर जबरदस्त, त्यांनी उभ्या उभ्या ती ओवी म्हणून दाखवली. मग मलाच म्हणाले, "माउली, पुस्तकातला राजा ठाऊक होता ओ, दगडातला आज कळला. हे दगड वाचायला शिकवतात कुठं?"

कुणाला माहीत असेल तर सांगा, काकांना फोन करून कळवायचंय.