"नाही साहेब, काही अडचण नाही"

सरकारी कार्यालयात कामाचा शेरा देणारा कार्यमूल्यमापन अहवाल ज्या साहेबाच्या हातात, त्याच्यासमोर हाताखालचा कोण नाराजी बोलून दाखवणार? "काही अडचण?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलंच असतं. खरं काय ते फाइलमध्ये उतरतं.

फाइलवर त्याने लिहिलेली टिपणी वाचा. एखादा अव्वल कारकून नियम आणि जुन्या प्रकरणाचा दाखला देऊन शेवटी "मान्यता देण्यास हरकत नसावी" असं लिहायचा. आता तोच अर्जाचा गोषवारा उतरवतो आणि "आदेशार्थ सादर" लिहून मोकळा होतो. चूक काढता येत नाही, पण त्याने स्वतःचं मत काढून घेतलेलं असतं. शासन निर्णय स्पष्ट असताना "वरिष्ठ कार्यालयाकडून मार्गदर्शन मागवावे" सुरू झालं, तर प्रकरण त्याहून पुढे गेलंय. उद्या अंगाशी आलं तर साहेब हात वर करतील, हे त्याने मनाशी पक्कं केलंय. 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंध कायद्याने फाइल टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मग ती दर वेळी बरोबर सातव्या दिवशीच हलते!

रजेचं रजिस्टरही बोलतं. वर्षाच्या 8 किरकोळ रजा मे-जूनमध्येच संपल्या, त्याही शनिवार-रविवारला जोडून, तर लक्ष द्या. मात्र नाशकात घाई नको. निफाड-दिंडोरीकडे घरची द्राक्षबाग असलेला माणूस ऑक्टोबर छाटणीला रजा टाकणारच. म्हणून मागच्या तीन वर्षांच्या नोंदी काढा आणि त्याची तुलना त्याच्याशीच करा, शेजारच्या टेबलाशी नको.

मूळ बहुतेकदा कामाच्या वाटपात असतं. जो करतो त्याच्याच माथी आणखी. 2027 च्या सिंहस्थाचं काम, निवडणूक, वर रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार, आणि त्या आदेशात "पुढील आदेशापर्यंत". हे दोन शब्द माणसाला आतून पोखरतात. तिथे तारीख घाला.

सूचनापेटीच्या नादी लागू नका, विशेषतः ती कॅमेऱ्याखाली टांगलेली असेल तर. आढावा बैठकीत सगळ्यांदेखत विचारणं तर त्याहून वाईट. माणूस त्या दिवसापासून चहालाही वेगळा जातो.

बोलावण्याआधी आस्थापना शाखेतून त्याचं सेवापुस्तक मागवून घ्या. 10, 20, 30 वर्षांच्या आश्वासित प्रगतीचा, म्हणजे बढती न मिळताही मिळणाऱ्या वरच्या वेतनाचा, लाभ अडकलाय का? वैद्यकीय देयक त्रुटी काढून किती वेळा परत आलंय? ज्येष्ठता यादीवरच्या हरकतीला उत्तर गेलंय का? यातली एखादी गोष्ट आधी मार्गी लावा, आणि ती लावल्याचा गवगवा करू नका. मग एकट्याला बसवून, "तुम्ही नाराज आहात का?" असं न विचारता, त्याची जुनी आणि नवी टिपणी समोर ठेवा. "इथे तुमचं मत असायचं. आता का नाही?" एवढंच विचारून गप्प बसा. पहिल्यांदा "तसं काही नाही" हेच ऐकू येईल.

पुढच्या महिन्याभराच्या टिपण्यांत "हरकत नसावी" परत दिसतं का, ते पाहत राहा.